नोंद ९ : डक्टने मान टाकली

फॅनची पाती आणि डक्ट (फॅनभोवतीचं नळकांडं) यांच्यात सगळीकडे सारखी ३ मिलिमीटर फट मिळाली म्हणून मागच्या नोंदीत मी बरंच मिरवलं होतं. शनिवारी ते अंगाशी आलं.

जोडणी तीच : माझदाच्या आरएक्स-८ गाडीतून काढलेलं १३बी वांकेल इंजिन (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरचं), १.५ ला १ चा दातेरी पट्टा, ९०० मिलिमीटरचा सात पात्यांचा फॅन. सगळं ट्रॉलीवर, ट्रॉली लोड सेलला (ओढ मोजणाऱ्या काट्याला) बांधलेली. इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांवर छान चाललं. ५२०० वर नेलं, १४३ किलो जोर दिसला आणि तेवढ्यात ‘चिर्र’! मागोमाग जळक्या इपॉक्सीचा वास. लगेच किल्ली बंद केली.

टॉर्च घेऊन आत डोकावलो. माथ्याला, घड्याळाच्या अकरा ते एकच्या मधे, वीतभर करडा चट्टा. पात्यांच्या टोकांना पिठासारखी भुकटी. फीलर गेज (फट मोजायची पट्टी) घातला तर फट पुन्हा ३ मिलिमीटर!

आधी संशय घेतला इंजिनाखालच्या रबरांवर. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मग डोक्यात प्रकाश पडला : रबरं बसली असती तर पाती खाली घासली असती, वर नाही. शेवटी डक्टच्या बाजूला मोजपट्टी उभी केली, फोन रेकॉर्डिंगला लावला आणि ४८०० पर्यंतच गेलो. व्हिडिओत डक्टचा माथा जवळजवळ सेंटिमीटरभर पुढे झुकताना दिसतो. ब्रॅकेट खाली आणि मागच्या कडेला, फॅन त्यांच्या २५ सेंटिमीटर पुढे. त्यामुळे डक्टने मान टाकली की फॅनभोवतीचं कडं खाली येतं आणि माथा पात्यांवर टेकतो.

चूक माझीच. ब्रॅकेट केले ते डक्टचं १४ किलो वजन पेलायला. पण डक्ट म्हणजे फॅनवरचं झाकण नव्हे. मागचं तोंड फॅनएवढंच रुंद असेल, तर जागेवर उभं असताना निम्मा जोर आदर्श गणितानुसार डक्टवरच येतो. पुढच्या गोल कडेवरून हवा वळून आत शिरते, तिथला दाब पडतो आणि कड पुढे ओढली जाते. १४३ चे निम्मे धरा : सत्तरेक किलो, म्हणजे एक धडधाकट माणूस कडेला धरून पुढे ओढतोय. जर्मनीतल्या फॅनट्रेनर विमानाच्या १९७७ सालच्या पहिल्या नमुन्यात दोन वांकेल इंजिनं होती आणि डक्ट धडाचाच भाग होता. फोटो कितीदा पाहिले असतील, पण हे तेव्हा लक्षात आलं नाही.

‘पट्टा कशाला, फॅन थेट शाफ्टवर बसव’ असं सांगणाऱ्यांसाठी : ६५०० फेऱ्यांवर ९०० मिलिमीटरच्या पात्याचं टोक सेकंदाला ३०६ मीटरने जातं, ध्वनीच्या अगदी जवळ. पट्ट्यामुळे ते २०४ वर येतं. आणि डक्ट जादू करत नाही. तेवढ्याच ताकदीत १.८ मीटरच्या उघड्या पंख्याची बरोबरी करायला कागदावरसुद्धा १.२७ मीटरचा डक्ट लागतो. माझा ०.९ चा त्या पंख्याच्या जोराच्या जेमतेम ७९ टक्क्यांपर्यंत पोचेल. ट्रेलरवर मावतो म्हणून घेतलाय, उगाच कारणं सांगत नाही.

आता फॅनची बेअरिंगं डक्टच्याच मधल्या हबमध्ये नेतोय, मागे पाच स्टेटरांवर (न फिरणाऱ्या पात्यांवर). डक्ट हलला तर फॅनही सोबत हलेल, फट तेवढीच राहील. पाती सात, म्हणून स्टेटर मुद्दाम पाच. दोन्ही सारखे ठेवले तर सगळी पाती एकदमच स्टेटरांसमोरून जातात आणि भोंगा वाजतो. कडं फॅनच्या पातळीत चार ठिकाणी चौकटीला बांधणार. इंजिनाशी नातं फक्त रबरी कपलिंगचं. इंजिन शाफ्टच्या प्रत्येक फेरीला दोन हिसके देतं, त्यामुळे कपलिंग इतकं मऊ हवं की अनुनाद (हिसक्यांच्या तालावर वाढत जाणारं कंपन) आयडलच्या, म्हणजे इंजिन नुसतं चालू असतानाच्या फेऱ्यांच्या, खालीच राहील. दोन रबरं मागवली आहेत, एक नक्की फुकट जाणार.

गॅरेज १० अंशांवर आहे, इपॉक्सी धरत नाही. साच्याखाली इलेक्ट्रिक ब्लँकेट, वर आईने इकडे येताना बांधून दिलेली गोधडी. पहिला स्टेटर आज सकाळी अजून बोटाला चिकटत होता.