हरेगावची वाट

संभाजीनगरहून हरेगावला जायचं तर गाडीने दोन-अडीच तास पुरतात. पण सप्टेंबरात मतमाऊलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा भरते तेव्हा मराठवाड्यातून, नाशिककडून, पुण्याकडून लोक पायी निघतात. 8 सप्टेंबर हा मरियामातेचा जन्मदिवस. त्याच्या आसपासच्या शनिवार-रविवारी श्रीरामपूर तालुक्यातलं एरवी पेंगत असलेलं हे गाव माणसांनी फुलून जातं. ख्रिस्ती तर असतातच, पण नवस बोललेले, फेडायला आलेले इतरही असतात आणि त्यांना कोणी जात-धर्म विचारत नाही.

नवस आमच्या पप्पांनी बोलला होता. किडन्या गेल्या, डायलिसिस सुरू झालं, तेव्हा बरा झालो तर हरेगावला चालत येईन असं ते कॉटवर पडूनच बोलले. बरे झाले नाहीत. ईस्टरआधीच्या उपवासकाळातच गेले. त्याच सुमारास माझं कंपनीतलं कंत्राट संपलं आणि ते कोणी वाढवलं नाही. बायकोचं गंठण पतसंस्थेत गेलं, ते तिथंच आहे. मोठ्या मुलीच्या क्लासची फी दोनदा पुढं ढकलली. ही यादी वाढवता येईल, पण ज्याच्या घरावरून असं वर्ष गेलंय त्याला सांगायची गरज नाही.

ईस्टरनंतर मी दर रविवारी मम्मीला गाडीवर बसवून चर्चला सोडायचो आणि स्वतः पार्किंगमध्येच उभा राहायचो. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, आतून ऐकू यायची. घरी रोज संध्याकाळी मम्मी जपमाळ धरायची, तेव्हा मी गच्चीवर मोबाइल घेऊन जायचो. देवाशी भांडण वगैरे काही नव्हतं. भांडायला निदान बोलावं तरी लागतं.

ऑगस्टमध्ये मम्मी म्हणाली, "पदयात्रेत नाव दिलंय तुझं."

"बरे झालेच नाहीत ते. मग नवस कसला फेडायचा?"

"फेडायला कोण सांगतंय? जाऊन विचार तिला," मम्मी म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

निघालो ते भल्या पहाटे. पुढे लाकडी क्रूस, त्यामागे टेम्पोवर फुलांनी सजवलेली मरियामातेची मूर्ती, मग बाया, मग आम्ही. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतून जाताना माझी जुनी कंपनी लागली. शिफ्ट सुटायची वेळ होती. गेटसमोरच्या टपरीवर आमच्या लाइनवरचा एकजण चहा पीत होता. त्याने मला पाहिलं, ग्लास खाली ठेवला, मूर्तीला हात जोडले आणि मला फक्त मान हलवून विचारलं, काय. मीही मानेनेच सांगितलं, चाललोय.

पायी चालताना जपमाळ मोठ्याने म्हणतात. 'नमो मरिया' या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग पुढच्यांनी म्हणायचा, दुसरा मागच्यांनी. मी मागे होतो. मागच्यांच्या वाट्याला येतं ते "आता आणि आमच्या मरणाच्या वेळी". लहानपणापासून हजारो वेळा हे म्हटलंय, पण त्या वर्षात ते मला म्हणता येईना. पप्पांच्या मरणाच्या वेळी मी खाली मेडिकलच्या काउंटरवर बिल भरायला उभा होतो. तेवढ्या पाच शब्दांपाशी मी गप्प व्हायचो आणि 'आमेन'ला परत यायचो. आजूबाजूला इतके आवाज होते की कोणाला कळायचं काही कारण नव्हतं.

लिंबेजळगाव, ढोरेगाव मागे पडलं. कपाशी गुडघ्याच्या वर आलेली, अधूनमधून बाजरी. पाऊस भुरभुरला की प्लॅस्टिकचे कागद डोक्यावर, थांबला की काखेत. कायगाव टोक्याला गोदावरीच्या पुलावर आलो तेव्हा मात्र सगळेच आपोआप हळू झाले. जायकवाडीचा फुगवटा इथपर्यंत येतो. सप्टेंबरात धरण भरलेलं असलं की नदी नुसती नदी राहत नाही. पूल ओलांडला की प्रवरासंगम, प्रवरा आणि गोदावरी इथं भेटतात. घाटावर दशक्रिया चालू होती. डोकी भादरलेली दोन पोरं पायऱ्यांवर बसली होती, धाकटा दहा-बारा वर्षांचा असेल. गुरुजी काही सांगत होते आणि तो पाण्याकडे बघत होता. आमची मंडळी घाटापाशी आली तसा पुढून कोणीतरी हात वर केला, झांज थांबली, माइक बंद झाला. ते कुटुंब नजरेआड होईपर्यंत आम्ही तसेच गेलो. मोठ्या पोराने आमच्याकडे पाहिलं. बाप गेला असावा, आजाही असेल. मी मनात म्हटलं, हे प्रभू, या पोरांना सांभाळ. पुढे पंधरा-वीस पावलं गेल्यावर माझ्या लक्षात आलं की ही प्रार्थना होती.

नेवाशात गणपती बसलेले होते. रस्त्याकडेच्या मंडळाने आमच्यासाठी चहा ठेवला होता, आणि टोपी घातलेला एक म्हातारा प्रत्येकाला "घ्या माउली, घ्या माउली" करत कप हातात देत होता. ज्ञानेश्वरी 1290 मध्ये याच गावात सांगितली गेली. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ती सांगितली असं मानतात, तो पैस खांब इथं आहे. आमच्या भजन मंडळाने तिथंच पेटी उघडली आणि कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन लावलं. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगायचे. ते प्रोटेस्टंट, आम्ही कॅथलिक, पण नगर जिल्ह्यात टिळकांच्या भजनाला हा भेद कोणी लावत नाही. चहावाल्या म्हाताऱ्याला शब्द नवे असतील, चाल नव्हती. दुसऱ्या कडव्याला तो टाळ्या धरून उभा राहिला.

त्या रात्री शाळेच्या वऱ्हांड्यात मुक्काम होता. माझ्या डाव्या टाचेला लिंबाएवढा फोड आला होता. एक मावशी, गंगापूरकडच्या, दरवर्षी चालणाऱ्या, सुई घेऊन आल्या. सुईत पांढरा दोरा ओवला, दोऱ्याला खोबरेल आणि हळद चोळली, फोडाच्या या बाजूने सुई घातली आणि त्या बाजूने काढली. दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं बोटबोटभर सोडली. "कातडं फाडायचं नाय. दोऱ्याच्या वाटंनं पाणी रातभर निथळतंय," म्हणाल्या. पाय त्यांच्या मांडीवर होता. मला लाज वाटत होती, त्यांना नव्हती.

दुसऱ्या दिवशी श्रीरामपूरच्या रस्त्याला दोन्हीकडून ऊस. मावशींचा आवाज पार बसला होता. पुढची जपमाळ त्याच चालवायच्या. त्या मागे वळल्या, मला खुणेने बोलावलं आणि माइक माझ्या हातात कोंबला. "घे. माझं नरडं गेलं."

"मावशी, मला नाही जमणार."

"काय नाय जमायचं? अर्धंच तर म्हणायचंय."

आणि खरंच, पहिल्या अर्ध्यात मरण नाही. नमस्कार आहे, कृपा आहे, येशूचं नाव आहे, आणि तिथं आपण थांबायचं असतं. मी थांबलो. मागून शे-दीडशे माणसांनी उचललं, "आता आणि आमच्या मरणाच्या वेळी". मला जे म्हणता येत नव्हतं ते त्यांनी म्हटलं. मी परत सुरू केलं, परत त्यांनी पुरं केलं. पाच दशकं अशी झाली, एका दशकात दहा वेळा 'नमो मरिया'. माझा आवाज मध्येच फाटला, तेव्हा मावशींनी पाठीवर एक धपका दिला, तोही हळू नव्हे.

हरेगाव म्हणजे बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याचं गाव. राज्यात सहकारी कारखाने आले त्याच्या कितीतरी आधीचा हा खासगी कारखाना. तो कधीच बंद पडलाय. कंपनीचे मळे पुढे शेती महामंडळाकडे गेले. माझे आजोबा त्या मळ्यांवर ऊस तोडायला होते आणि त्यांना येशू ठाऊक झाला तो या भागातल्या जेसुइट संघाच्या युरोपियन फादरांमुळे. त्यांच्याच पायवाटेने आपण आलो वगैरे मला काही वाटलं नाही, कारण गर्दीत पाय ठेवायला जागा नव्हती. मेणबत्त्या, पाळणे, भेळ, खेळणी, हरवलेल्या पोरांच्या सूचना. चर्चमध्ये नव्हे, मैदानात मिस्सा, आणि कडेला खुर्च्या टाकून पापनिवेदन ऐकत बसलेले फादर.

एका खुर्चीपुढे मी गुडघे टेकले. पापं सांगायची सोडून मम्मीने विचारायला सांगितलेला प्रश्नच मी विचारला. पप्पा बरे का झाले नाहीत?

फादर तरुण होते, माझ्याहून लहानच. म्हणाले, याचं उत्तर मला माहीत नाही. मग थोड्या वेळाने म्हणाले, "मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघेजण एका पक्षाघाती माणसाला छपरातून खाली सोडतात. तिथं काय लिहिलंय बघा. येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला. बाजेवरच्याचा होता की नव्हता, ते लिहिलेलंच नाही." एवढंच. प्रायश्चित्त म्हणून एक दशक सांगितलं आणि पुढच्याला बोलावलं.

ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत वर्षभरात पहिल्यांदा उभा राहिलो. मूर्तीपुढे पप्पांच्या नावाची मेणबत्ती लावली. नवस फेडला की नाही, ते तिचं तिला माहीत.

रविवारी रात्री टेम्पोने परत आलो. गंठण अजून पतसंस्थेतच आहे. एका शेडमध्ये रोजंदारीवर जातोय, पगार आधीच्या निम्मा. सोमवारी संध्याकाळी मम्मीने जपमाळ काढली तेव्हा मी गच्चीवर गेलो नाही. तिच्याआधीच सुरू केली, दुःखाची रहस्यं, येशूच्या छळाच्या आणि मरणाच्या प्रसंगांची.

मम्मीने डोळे उघडले. "आज सोमवार आहे. आनंदाची घे. दुःखाची उद्या."