केळफुलापासून रोपापर्यंत: केळीच्या जनुकावर काम करताना

आपल्याकडे केळीची मर म्हटली की पनामा आठवतो, पण तो बुरशीचा. नैरोबीला मी ज्यावर काम केलं तो मर रोग झँथोमोनास जिवाणूचा. युगांडात तो 2001 मध्ये पोचला. पानं पिवळी पडून झाड सुकतं, घड अकाली पिकतो, खोड कापलं की थोड्या वेळात पिवळसर चिकट पू बाहेर येतो. बऱ्याचदा तो केळफुलातूनच शिरतो: सालं गळालेल्या ओल्या जागी कीटक बसतात आणि जिवाणू सोडून जातात. म्हणून तिथले शेतकरी फण्या सुटल्या की केळफूल बेचक्याच्या काठीने मोडतात. कोयता लावत नाहीत, पात्यावरूनही रोग पसरतो.

आम्हाला कामासाठी हवं होतं तेही केळफूलच! खाण्याच्या केळीला बी नाही, त्यामुळे बाल्बिसियाना या रानटी केळीतली रोगाला तोंड द्यायची ताकद संकराने आणणं फार जिकिरीचं. मग जनुकावरच काम करायचं, आणि त्यासाठी लागणाऱ्या, पुढे अख्खं रोप होऊ शकणाऱ्या पेशी मिळतात केळफुलाच्या गाभ्यातल्या कोवळ्या नरफुलांपासून. घरी केळफूल निसताना हाताला तेल लावतात; इथे हातमोजे, स्पिरिट आणि सूक्ष्मदर्शक. चीक मात्र तोच. फुलांचे तुकडे बश्यांमध्ये वाढायला ठेवून महिनोन्‌महिने वाट पाहायची. बहुतेक तुकडे काळे पडतात, काहींना बुरशी लागते. एखाद्याच बशीत त्या पेशींचे पिवळट, भुरभुरीत दाणे धरतात आणि त्या दिवशी चहा कोण पाजणार यावर भांडण होतं.

जनुक कोणतं? केळीवर संशोधन करणाऱ्या लीना त्रिपाठी यांच्या गटाने आधी ढोबळी मिरचीतली दोन जनुकं केळीत घातली. युगांडातल्या कवांडाला 2010 पासून शेतचाचण्याही झाल्या. पुढे 2021 मध्ये त्यांनी उलटी वाट दाखवली: रोगाशी लढणारं परकं जनुक घालायचं नाही, केळीचंच डीएमआर6 हे जनुक निकामी करायचं. हे जनुक झाडाच्या संरक्षणाला लगाम घालतं. मला ही वाट जास्त पटते. जनुक नेमक्या जागी कापणारी क्रिस्परची कात्री पेशींत पोचवायला अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू वापरतात, म्हणजे एका जिवाणूविरुद्धच्या लढाईत दुसऱ्या जिवाणूची हमाली.

खरी डोकेदुखी नंतरची. आमच्या केळीत गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे जनुकाच्या तिन्ही प्रती मोडायला हव्यात. कित्येक देखणी, हिरवीगार रोपं तपासणीत बाद झाली, एक प्रत शाबूत होती म्हणून.

उरलेल्यांची परीक्षा काचगृहात. कोवळ्या पानाच्या देठाशी सिरिंजने जिवाणूंचं पाणी टोचायचं आणि रोज कुंड्यांपुढे वही घेऊन उभं राहायचं. साधी रोपं टोचलेल्या पानापासून माना टाकत गेली. बदललेल्यांपैकी काहींत टोचलेल्या जागी तेवढा तपकिरी डाग पडला, पुढचं पान स्वच्छ उलगडलं. मी ते पान उजेडात धरून दोनदा पाहिलं.

पण आम्ही पानात टोचतो आणि शेतात रोग येतो फुलातून. तेव्हा ही रोपं निसवल्याशिवाय मी कुणाला ‘झालं काम’ म्हणणार नाही, आणि त्याला चांगलं वर्षभर लागेल.