ब्रिटनमध्ये जुनं मोटरहोम घेताना: आधी वजन, मग ओल, बाकी सगळं नंतर

जुनं मोटरहोम बघायला गेलं की नजर पहिल्यांदा पलंग, सोफा आणि किचनवर जाते. विकणाराही तेच आधी दाखवतो. पण या गोष्टी बदलता येतात. गादी बदलते, पडदे बदलतात, फ्रिजसुद्धा बदलतो. दोन गोष्टी मात्र नंतर जवळपास बदलता येत नाहीत: गाडीची वजन पेलायची मर्यादा, आणि भिंतीत मुरलेलं पाणी. म्हणून तपासणीचा बराचसा वेळ या दोन गोष्टींना द्यावा असं माझं ठाम मत आहे.

वजनाचा प्रश्न आपल्या लोकांना जास्तच लागू होतो, तो लायसन्समुळे. १ जानेवारी १९९७ च्या आधी इथली कारची टेस्ट पास झालेल्यांना सी-वन हा वर्ग आपोआप मिळालेला आहे, ते ७,५०० किलोपर्यंतची गाडी चालवू शकतात. त्यानंतर टेस्ट दिलेल्यांना फक्त बी वर्ग, म्हणजे कमाल ३,५०० किलो. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालतं, बदलून मिळत नाही, टेस्ट द्यावीच लागते. त्यामुळे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आलेला जवळजवळ प्रत्येक मराठी माणूस ३,५०० किलोच्या आतच आहे. आणखी एक: टेस्ट ऑटोमॅटिक गाडीवर दिली असेल, तर मॅन्युअल चालवता येत नाही. जुनी मोटरहोम्स बहुतांश मॅन्युअल असतात, त्यामुळे निवड एकदम आक्रसते. जाहिराती चाळायच्या आधी स्वतःच्या लायसन्सची मागची बाजू वाचा.

आता ३,५०० किलो हा आकडा कसा संपतो ते बघा. प्रत्येक गाडीला रिकामं पण चालायला तयार असं एक वजन दिलेलं असतं. त्यात ७५ किलोचा ड्रायव्हर आणि ९० टक्के भरलेली डिझेलची टाकी धरलेली असते. पाणी आणि गॅस किती धरला आहे, ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, ब्रोशरच्या बारीक अक्षरात सापडतं. समजा हे वजन ३,०६० किलो आहे. म्हणजे हातात ४४० किलो. बायको ६५, दोन मुलं मिळून ६०: उरले ३१५. बाहेरच्या भिंतीवरचं गुंडाळतं छत, म्हणजे ऑनिंग, साधारण ३० किलो, दुसरी लीझर बॅटरी (राहायच्या भागाला वीज देणारी) २५, सोलर पॅनल १५, सायकल रॅक आणि सायकली ६०: उरले १८५. कंपनीने पाणी २० लिटरच धरलं असेल आणि टाकी १०० लिटरची असेल, तर आणखी ८० गेले. गॅसचा दुसरा लोखंडी सिलिंडर भरलेला १५. राहिले ९० किलो, आणि त्यात कपडे, अंथरुणं, भांडी, किराणा, खुर्च्या, टेबल, विजेची केबल, चाकाखाली घालायचे रॅम्प बसवायचे आहेत. सुट्टीत भारतातून आई-बाबा आले आणि त्यांनाही घेऊन निघालात, की गाडी मर्यादेबाहेर गेलीच.

यात भर म्हणजे कंपनीने दिलेल्या त्या वजनात ५ टक्के इकडेतिकडे चालतं. ३,०६० चे ५ टक्के म्हणजे १५३ किलो. कागदावरचे ४४० प्रत्यक्षात ३०० च्या खाली असू शकतात. म्हणून कागदावर विसंबू नका. विकणाऱ्याला सांगा, डिझेल भरून सार्वजनिक वजनकाट्यावर गाडी नेऊ आणि एकूण वजन, पुढचा अॅक्सल (चाकं जोडणारा आस), मागचा अॅक्सल अशा तिन्ही नोंदींची पावती घेऊ. जो याला तयार होत नाही, त्याची गाडी सोडून देण्यात नुकसान नाही.

अॅक्सलचं वेगळं बघावं लागतं, कारण एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा अॅक्सल ओव्हरलोड असतो, आणि हे फार वेळा घडतं. बॉनेटखाली किंवा दाराच्या चौकटीत एक पाटी असते, तिच्यावर चार आकडे असतात: गाडीचं कमाल वजन, ट्रेलरसकट कमाल वजन, मग पुढचा आणि मागचा अॅक्सल. मागच्या चाकांच्या मध्यापासून १.८ मीटर मागे असलेल्या डिकीत १०० किलो ठेवले आणि दोन अॅक्सलमधलं अंतर ४ मीटर असेल, तर मागच्या अॅक्सलवर १४५ किलो वाढतात आणि पुढचे ४५ कमी होतात. फियाट डुकाटोसारख्या गाड्यांमध्ये इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते, त्यामुळे पुढचा भार कमी झाला की ओल्या गवतावर चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. मागे मोठं 'गॅरेज', म्हणजे सामानाचा कप्पा, असलेली गाडी घेताना हे गणित आधी मांडा.

काही विक्रेते म्हणतात, वजन जास्त वाटलं तर कागदोपत्री ३,६५० किंवा ३,८५० करून घ्या. ते होतं, पण बी लायसन्सवाल्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. उलटही घडतं: जड गाडी कागदावर ३,५०० ला उतरवून विकतात. चालवता येते, पण सामान ठेवायला काही उरत नाही.

आता ओल. व्हॅनच्या पत्र्याच्या बॉडीत बनवलेली मोटरहोम्स वेगळी आणि चॅसीवर स्वतंत्र खोली बांधलेली वेगळी. दुसऱ्या प्रकारात जुन्या गाड्यांच्या भिंती बहुधा अशा असतात: बाहेर अॅल्युमिनियम किंवा फायबरचा पातळ थर, मध्ये पॉलिस्टायरीन (थर्माकोल) आणि लाकडी पट्ट्या, आत पातळ प्लायवुडवर वॉलपेपर. सगळे सांधे मॅस्टिकने, म्हणजे पाणी अडवणाऱ्या चिकट लांबीने, बंद केलेले. ते मॅस्टिक वर्षानुवर्षांच्या उन्हाथंडीने कडक होतं, भेगाळतं, पाणी आत शिरतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. बाहेरून गाडी चकचकीतच दिसते.

तपासणी छतापासून सुरू करा. शिडी घेऊन जा. रूफलाइटच्या, म्हणजे छतातल्या खिडकीच्या, चारही बाजू, सोलर पॅनल किंवा टीव्हीच्या अँटेनाची भोकं, ऑनिंगच्या रेलचे स्क्रू, कोपऱ्यातल्या पट्ट्या, मागच्या दिव्यांचे खाचे. मॅस्टिक कुठे नव्याने थापलेलं दिसलं, तर का, ते विचारा. मग भिंतीच्या एका टोकाला उभं राहून तिरप्या नजरेने सबंध भिंत बघा. फुगवटा दिसला तर बाहेरचा थर आतल्यापासून सुटलेला आहे.

आत गेल्यावर प्रत्येक कपाट उघडा आणि मागच्या कोपऱ्यात हात घाला. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेल्या गाडीत पुढचे दोन्ही कोपरे, खिडक्यांचे खालचे कोपरे, चाकांच्या वरचे खोके, शॉवरच्या ट्रेभोवतीचा भाग: इथे अंगठ्याने दाबून बघा. कडक हवं. बिस्किटासारखं दबलं तर आतलं प्लायवुड गेलं. वॉलपेपरवर बारीक काळे ठिपके, सुरकुत्या, गंजलेले स्क्रू याही खुणाच. दारापाशी आणि किचनसमोर पूर्ण वजन टाकून पाऊल ठेवा. जमीन दबत असेल, कुरकुरत असेल तर थर सुटलेत. रूम फ्रेशनरचा भडक वास आला तर सावध व्हा.

दोन सुयांचं ओल मोजायचं यंत्र स्वस्तात मिळतं, ते जरूर घ्या. साधारण १५ टक्क्यांपर्यंत ठीक. १५ ते २० म्हणजे लक्ष ठेवा. २० च्या वर दुरुस्ती, आणि ३० च्या वर आतलं लाकूड बहुधा खराब झालेलंच असतं. एका आकड्यावर निकाल देऊ नका. सुई पिन किंवा धातूच्या पट्टीजवळ लागली तरी यंत्र खोटं जास्त दाखवतं. आजूबाजूचे आकडे १२-१३ आणि एकाच कोपऱ्यात २६, ही खरी खूण. दरवर्षीच्या हॅबिटेशन सर्व्हिसच्या, म्हणजे राहायच्या भागाच्या तपासणीच्या, अहवालात गाडीच्या नकाशावर हेच आकडे लिहिलेले असतात. मागचे तीन-चार अहवाल शेजारी ठेवून एकाच जागेचा आकडा वर्षागणिक चढतोय का ते बघा. पाणी शिरण्याची कंपनीची वॉरंटी अजून चालू आहे म्हणत असतील, तरी हेच अहवाल मागा, कारण एखादी वार्षिक सर्व्हिस चुकली तर ती वॉरंटी रद्द होते.

आपल्याकडच्या स्वयंपाकामुळे एक गोंधळ होतो. फोडणी, कुकरच्या शिट्ट्या, थंडीत बंद खिडक्या, की आत पाणी साचतंच. हे दवबिंदू गळतीपेक्षा वेगळे: ते काचांवर, गादीखाली, कपाटाच्या थंड पाठीवर सगळीकडे पसरलेले असतात आणि हवा खेळती ठेवली की जातात. गळती एका जागी असते आणि तिथून वाढत जाते. शेगडीच्या वर कपाट किती उंचीवर आहे, वर उघडणारा रूफलाइट किंवा पंखा आहे का, हे आपल्याला इतरांपेक्षा जास्त महत्त्वाचं.

इंजिनाचं थोडक्यात. इथल्या बहुतेक मोटरहोम्सखाली फियाट डुकाटो किंवा तिचीच भावंडं प्यूजो बॉक्सर आणि सिट्रोएन रिले असतात. २००६ पासूनच्या मॉडेलच्या सुरुवातीच्या गाड्यांमध्ये रिव्हर्समध्ये चढावर गाडी जोरात थरथरायची, म्हणून टेस्ट ड्राइव्हमध्ये चढावर रिव्हर्स घ्याच. त्याच गाड्यांत विंडस्क्रीनखालच्या पन्हाळीतून इंजिनवर पाणी टपकून इंजेक्टर गंजायचे. बॉनेट उघडून इंजेक्टरभोवती गंजाचे डाग आहेत का बघा. २.३ लिटर इंजिनाला टायमिंग बेल्ट असतो, ३ लिटरला चेन. मोटरहोम वर्षाला थोडंच धावतं, त्यामुळे मैल कमी असले तरी बेल्ट वर्षांच्या हिशेबाने बदलायचा असतो. बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरा आणि तो खर्च किमतीतून वजा करायला सांगा. गाडी पाहायला जाताना विकणाऱ्याला आधी सांगून ठेवा, इंजिन थंड ठेवा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी असली तरी सात वर्षांपलीकडचा टायर मी बदलायलाच सांगेन. लंडनमध्ये राहणाऱ्यांनी गाडी युरो ६ या प्रदूषण मानकाची आहे का ते बघावं. २९ ऑगस्ट २०२३ पासून युलेझ (प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरचं शुल्क) लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये, म्हणजे प्रशासकीय विभागांत, लागू आहे, आणि जुन्या डिझेलला दिवसाला साडेबारा पाउंड पडतात.

आतली यंत्रणा चालवून बघायला दोन तास हवेत. फ्रिज गॅसवर गार व्हायला कित्येक तास लागतात, म्हणून विकणाऱ्याला सकाळीच गॅसवर लावायला सांगा. टाकीत पाणी भरून घ्या, पंप चालू करा, सगळे नळ बंद करा. पंप थांबायला हवा आणि थांबलेलाच राहायला हवा. दर मिनिट-दोन मिनिटांनी 'टक' करून सुरू होत असेल तर कुठेतरी पाणी झिरपतंय. बॉयलर गरम करून बघा. हिवाळ्यात पाणी न काढता उभी ठेवलेली गाडी असेल तर तो फुटलेला असू शकतो. लीझर बॅटरी चार्जिंग काढून काही तासांनी मोजली तर १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. गॅसच्या रबरी नळीवर तारीख छापलेली असते. थंडीत फिरायचं असेल तर प्रोपेन घ्या, ब्युटेनचा शून्य अंशाच्या आसपास वायूच होत नाही.

झोपायच्या जागा आणि बेल्टच्या सीट हे दोन वेगळे आकडे आहेत. चार बर्थ पण बेल्ट दोनच, अशा गाड्या सर्रास विकल्या जातात. मुलं असतील तर बेल्ट स्वतः मोजा आणि आपली चाइल्ड सीट तिथे प्रत्यक्ष बसवून बघा.

कागदपत्रं: गाडीच्या नंबरावर सरकारी साइटवर एमओटीचा, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा, इतिहास फुकट दिसतो, तो घरूनच वाचा. व्ही-फाइव्ह-सी, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा चॅसी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा आणि गाडी त्यावर लिहिलेल्या पत्त्यावरच जाऊन बघा. फायनान्स बाकी आहे का याची पैसे भरून होणारी तपासणी चुकवू नका. विमा कंपनीकडून आधीच दर घ्या. नव्या लायसन्सला काही कंपन्या सरळ नाही म्हणतात. डीलरकडून घेतलं तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष गाडी पहिल्या ३० दिवसांत परत करता येते, खासगी विक्रेत्याकडून हे संरक्षण नाही. क्रेडिट कार्डाने डिपॉझिट भरल्यावर मिळणारं संरक्षण गाडीची किंमत ३०,००० पाउंडांपर्यंत असेल तरच लागू होतं. हिवाळ्याच्या तोंडावर किमती उतरतात, शिवाय पावसाळी दिवसांत गळती लपत नाही, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबर खरेदीला चांगले.

गाडी घरी आल्यावर पहिल्या प्रवासाला निघण्याच्या तयारीने, माणसं आणि सामान घेऊन पुन्हा काट्यावर न्या. आलेले अॅक्सलचे आकडे टायर कंपनीला कळवले तर त्या वजनाला योग्य हवेचा दाब ते सांगतात. दारावरच्या स्टिकरवर लिहिलेला दाब पूर्ण भाराचा असतो. वजन कमी असताना तेवढी हवा भरली तर गाडी खड्ड्याखड्ड्यावर आदळते आणि कपाटांचे स्क्रू सैल होत जातात.