जुनं शिष्टाचाराचं पुस्तक घेण्याआधी

आजचा दिवस युरोपातल्या जुन्या शिष्टाचाराच्या पुस्तकांत गेला. डच विद्वान इरॅस्मसचं मुलांसाठीचं पुस्तक १५३० चं. फ्रेंच टाइपकार ग्रांजाँने १५५७ मध्ये फ्रान्समधल्या लिऑनला काढलेल्या, हस्ताक्षरासारख्या दिसणाऱ्या छपाईच्या टाइपाला ‘सिव्हिलिते’ (म्हणजे शिष्टाचार) हे नाव पडलं ते अशाच पुस्तकांमुळे. पोरांनी हाताळून चिंध्या केल्या, म्हणून धड प्रत मिळणं मुश्कील.

आधी पानं मोजा. ऑक्टेव्होत, म्हणजे छापील ताव तीनदा दुमडून केलेल्या पुस्तकात, सहसा एका जुडीत (एकत्र शिवलेल्या पानांच्या गठ्ठ्यात) आठ पानं. पहिलं आणि शेवटचंच बहुधा गायब असतं. मग एकेक पान उजेडासमोर धरा. ऑक्टेव्होत साखळीरेषा (हातकागदात साच्याच्या तारांनी उमटलेल्या रेषा) उभ्या, जलचिन्ह (कागद बनवणाऱ्याची कागदातच उमटलेली खूण) वर शिवणीपाशी. एखाद्याच पानात रेषा नसतील, तर ते मागाहून घातलेलं. नव्या बांधणीत कडा छाटताना वरची ओळही कधीकधी जाते. त्यापेक्षा मळकी मूळ चर्मपत्री बांधणी कितीतरी मोलाची!