पुणे–कन्याकुमारी–पुणे : ३,४२० किलोमीटर आणि मागचा टायर

निघायच्या आदल्या रात्री पार्किंगमध्ये उकिडवा बसून मागच्या टायरच्या नक्षीची खोली मोजली. मधोमध ३.४ मिलिमीटर. नवा बसवला तेव्हा ६.५ होती आणि त्यावर ७,४०० किलोमीटर झाले होते. म्हणजे हजार किलोमीटरला साधारण ०.४२ मिलिमीटरची झीज. हिशेब सोपा वाटला: साडेतीन हजारांच्या फेरीत दीड मिलिमीटर जाईल, घरी येऊ तेव्हा १.९ शिल्लक असेल. टायरवाल्याने "आत्ताच बदला साहेब" म्हटलं होतं, पण तो विकायलाच बसलाय, असं म्हणून मी हसण्यावारी नेलं.

घरी आलो तेव्हा १.२ होती. तो जादाचा ०.७ कुठे गेला, हे सांगण्यासाठीच हा वृत्तांत.

गाडी म्हणजे कावासाकीची व्हर्सिस ६५० मोटारसायकल. टायर मिशेलिन रोड ५, मागे १६०/६०, पुढे १२०/७०, दोन्ही १७ इंची. ९ मे २०२४ ला पहाटे साडेचारला निघालो. मागे बायको, दोन बाजूंना पॅनिअर म्हणजे सामानाच्या पेट्या, वर टॉप बॉक्स. ७,४०० चा जो आकडा घेऊन मी खूश होतो, त्यातले बहुतेक किलोमीटर एकट्याने, सामानाशिवाय, ताम्हिणी-वरंधाकडच्या रविवारच्या फेऱ्यांत झाले होते. चूक इथेच होती, पण ते कळायला कन्याकुमारी गाठावी लागली.

पहिला दिवस पुणे ते दावणगेरे, साधारण ५८० किलोमीटर. सातारा ते कागल रुंदीकरणाचं काम तेव्हा चालू होतं, त्यामुळे डायव्हर्जन, खडी आणि अचानक संपणारे पूल. अजून संपलं नसेल तर तिथे वेळ धरूनच निघा. बेळगावनंतर रस्ता मोकळा होतो आणि मनगट आपोआप ११० वर जातं. संध्याकाळी दावणगेऱ्यात लोणी डोसा खाल्ला, तो मात्र ठरवून थांबण्यासारखा. टोलनाक्यांवर दुचाकीला पैसे नाहीत, डावीकडच्या चिंचोळ्या लेनने निघायचं. बंगळूरला शहर टाळायला नाइस रोड घेतलात तर तिथे मात्र दुचाकीलाही टोल आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी होसूरच्या पुढे पेट्रोल भरताना हवा बघितली. मागे ४१ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दाखवली. गाडीच्या स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या स्टिकरवर ३६ लिहिलंय. डोक्यावर ऊन रटरटत होतं, मीही भाजून निघालो होतो, आणि वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाने करू नये ते केलं: हवा सोडून ३६ वर आणली. स्टिकरवरचा आकडा थंड टायरसाठी असतो. टायर तापला की आतली हवा फुगते, चार-पाच पीएसआय वाढणं अगदी स्वाभाविक आहे. ती वाढ मी फुस्स करून सोडून दिली. सेलमहून सकाळी निघायला उशीर झाला म्हणून बघितलीच नाही. कन्याकुमारीच्या लॉजवर पहाटे, टायर गार असताना मोजली तर ३१.

म्हणजे साडेसहाशे किलोमीटर, दोन माणसं आणि सामान घेऊन, मे महिन्यातल्या तमिळनाडूच्या डांबरावर, पाच पीएसआय कमी हवेवर. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, दबला की जास्त तापतो आणि तापला की रबर खडूसारखं झिजतं. खोली मोजली, २.२. पुण्यापासून १,५६० किलोमीटरमध्ये १.२ मिलिमीटर गायब. हजाराला जवळजवळ ०.७७.

"तू सूर्योदय बघायला आलायस की टायर?" बायकोने वरच्या गॅलरीतून विचारलं. सूर्योदय तसाही ढगात गेला होता.

त्या सकाळी बोट फिरवून बघितलं तर टायरचा आकारच बदललेला. मधे चार बोटं रुंद सपाट पट्टी आणि तिच्या दोन्ही कडांना हाताला लागेल अशी धार. स्पोर्ट टूरिंग टायरमध्ये मधलं रबर कडक आणि कडेचं मऊ ठेवलेलं असतं, ते सरळ हायवेवर जास्त टिकावं म्हणूनच. पण आपल्याकडे लांबचा प्रवास म्हणजे नव्वद टक्के सरळच, त्यामुळे सगळं आयुष्य त्या मधल्या पट्टीतच संपतं. कडेची नक्षी बघून "अजून खूप आहे" म्हणणारे पुष्कळ भेटतात. मोजायची ती मधेच, आणि चाक फिरवत तीन ठिकाणी.

पुढे कोडाईकनालचा बेत होता, पण ७ मेपासून तिथे ई-पास सुरू झालेला, म्हणून थेणी–बोडी मार्गे मुन्नार. बोडीमेट्टूचा घाट सुंदर, वळणं लागोपाठ. पण चपटा टायर घाटात काय करतो ते इथे नीट कळलं. गाडी झुकवायला लागलं की आधी काहीच होत नाही, हट्टाने सरळ उभी राहते, आणि मग त्या धारेवरून एकदम आत पडते. पकड सुटत नाही, पण पोटात गोळा येतो. दोन-तीन वळणांनंतर सवय झाली. वेग कमी करून, एका लयीत झुकवायचं, मधेच दुरुस्ती करायची नाही. मागे बसणाऱ्यालाही आधी सांगून ठेवा, नाहीतर टोमणे ऐकावे लागतात.

मुन्नार ते कोळिकोड उतरताना वळवाचा पाऊस. मला खरी भीती याचीच होती, पण नक्षी दीड-पावणेदोन असतानाही टायरने पाणी बऱ्यापैकी कापलं. या टायरच्या खाचा झिजताना आत रुंद होत जातात, त्याचा फायदा असावा. तरी साचलेल्या पाण्यावरून ऐंशीला एकदा मागचं चाक तरंगल्यासारखं झालं, तेव्हापासून घरी येईपर्यंत पावसात साठच्या वर गेलो नाही.

केरळातला एनएच ६६ तेव्हा सगळा खोदलेला होता. सहा पदरी व्हायचं काम जिल्ह्याजिल्ह्यात चालू, सर्व्हिस रोडवर खिळे, तार, सळ्यांचे तुकडे. कण्णूरच्या अलीकडे अर्धा इंची स्क्रू घुसला. पंक्चरवाल्याने दहा मिनिटांत बाहेरूनच चिकट दोरी घातली. मधल्या पट्टीत छिद्र होतं म्हणून निभावलं. बाजूच्या भिंतीत असतं तर दोरीचा उपयोग नाही. झिजलेल्या टायरमध्ये स्क्रू लवकर आत जातो, हे गणित निघताना माझ्या डोक्यातच नव्हतं. त्या दोरीवर पुढचे हजारभर किलोमीटर आलो, रोज सकाळी हवा बघत आणि ऐंशीच्या आत. दोरीचं किट आणि छोटा इलेक्ट्रिक पंप सीटखाली ठेवाच.

उडुपी, कारवार, गोवा, सावंतवाडी, मग आंबोली चढून आजऱ्यावरून कोल्हापूर. परतीच्या १,८६० किलोमीटरमध्ये १ मिलिमीटर गेली, हजाराला ०.५४. तेच ओझं, तीच माणसं, फक्त टायरमधली हवा बरोबर, वेग कमी आणि आभाळ ढगाळ.

आता लोक विचारतात तो प्रश्न, की टायर किती किलोमीटर चालतो? माझा १०,८२० वर उतरवला. मित्राच्या लिटर क्लास, म्हणजे हजार सीसीच्या गाडीवर मागचा टायर आठ हजारांच्या पुढे कधी गेला नाही, ताकदच तेवढी आहे. दुसरा एकटाच कोकणात हळूहळू फिरतो, तो चौदा हजारांवर आहे. दुसऱ्याचा आकडा आपल्याला लागू होत नाही. स्वतःचा काढा: दर हजार किलोमीटरला खोली मोजून वहीत लिहा. सामान आणि पिलियन (मागे बसणारं माणूस) घेऊन उन्हाळ्यात निघणार असाल तर तो आकडा दीडपट धरा आणि खाचांमधल्या उंचवट्याच्या खुणेपर्यंत, म्हणजे टीडब्ल्यूआयपर्यंत, न पोचता परत येता येईल का ते बघा. माझ्या ०.४२ चे दीडपट ०.६३ होतात, प्रत्यक्षात सरासरी ०.६४ आली.

जमत नसेल तर निघण्याआधी बदला, वाटेत मिळेल या भरवशावर राहू नका. २०२० मध्ये परदेशी टायरच्या आयातीवर निर्बंध आले, तेव्हापासून मोठ्या शहरातसुद्धा हवं ते माप लगेच मिळत नाही, तिरुनेलवेलीत तर विचारायलाच नको. बदललात तर निघायच्या आदल्या दिवशी नको. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सांभाळून, कोरड्यात काढावे लागतात. दुकानात बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. माझ्या हातात आधी अडीच वर्षं जुना टायर ठेवला होता, तोही ताज्याच्या भावात.

नवा बसवताना जुना टायर जमिनीवर आडवा पडला होता. मधे गोटा, आणि अगदी कडेला बोटभर पट्टीवर नव्या टायरवर असतात ते रबराचे केस अजून तसेच. आतून बघितलं तर दोरीच्या शेजारीच आणखी एका खिळ्याचं टोक डोकावत होतं. तो कधी घुसला, देव जाणे. पुढचा टायर २.९ वर आहे. तो पावसाळ्यानंतर बघू असं मी म्हटलं, तर बायकोने मोबाइलमध्ये १ जूनची आठवण लावून टाकली.