सीआयएनं वीस वर्षं उगाच पैसे घातले का?

अंधश्रद्धेवर कुठेही बोलायला गेले की शेवटी हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुधा शिकलासवरलेला असतो. "मॅडम, बाबाबुवांचं सोडा. पण अमेरिकेच्या सीआयएनं दिव्यदृष्टीवर वीस वर्षं संशोधन केलं. त्यात काहीच नसतं तर एवढी हुशार माणसं पैसे घालतील का?" तोवर चहा आलेला असतो, हॉल रिकामा करायची घाई असते, आणि मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून सुटते. तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून आज नीट सांगते.

आधी हे मान्य करू, की हा प्रकार खरंच झाला. व्हॉट्सअ‍ॅपवरची थाप नाही ती. १९७२ साली कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट नावाच्या संस्थेत, हॅरोल्ड पुथॉफ आणि रसेल टार्ग या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी सीआयएच्या पैशावर हे काम सुरू केलं. दोघंही लेझरवर काम केलेले, म्हणजे भोंदू म्हणून उडवून लावावेत असे नव्हेत. इंगो स्वान नावाचा न्यूयॉर्कचा चित्रकार त्यांचा पहिला 'द्रष्टा'. चमचे वाकवणारा युरी गेलरही तिथे येऊन गेला, आणि त्याच्यावरच्या प्रयोगांचा लेख १९७४ साली 'नेचर' या नावाजलेल्या विज्ञान-नियतकालिकात छापूनही आला. सोबत संपादकांनी आपल्या शंका सांगणारं टिपण जोडलं होतं. ते टिपण मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

पुढे सीआयएनं अंग काढून घेतलं आणि कारभार लष्कराकडे गेला. मेरीलँडमधल्या फोर्ट मीडच्या तळावर मूठभर माणसं बंद खोलीत बसून दूरची ठिकाणं 'बघायची' आणि कागदावर काढायची. याला ते 'रिमोट व्ह्यूइंग' म्हणत. प्रकल्पाची नावं बदलत गेली: ग्रिल फ्लेम, सेंटर लेन, सन स्ट्रीक आणि शेवटी स्टार गेट. १९९५ साली दुकान बंद झालं. एकूण खर्च सुमारे २ कोटी डॉलर.

आता पैशाचं बघू, कारण प्रश्नाचा सगळा जोर तिथेच आहे. २ कोटी डॉलर वीसेक वर्षांत, म्हणजे वर्षाला साधारण १० लाख. अमेरिकेच्या सगळ्या गुप्तचर खात्यांचं मिळून बजेट किती, हे सरकारनं १९९७ साली पहिल्यांदा जाहीर केलं: २,६६० कोटी डॉलर, त्या एका वर्षाचं. भागाकार करा. महिन्याला २६,६०० रुपयांत घर चालवणाऱ्या माणसानं एक रुपया लॉटरीच्या तिकिटावर घालावा, तेवढं हे प्रमाण आहे. त्या एका रुपयावरून त्याचा लॉटरीवर गाढ विश्वास आहे असं कुणी म्हणेल का?

आणि तो रुपया तरी का घातला? भीतीपोटी. सोव्हिएत युनियन यावर संशोधन करतंय, असे अहवाल सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टनमध्ये फिरत होते. ते खरं निघालं आणि आपण मागे राहिलो तर? त्या काळात दोन्ही बाजूंना एकमेकांच्या नुसत्या हालचालीनंही धडकी भरायची. सरकारी खर्चावरून सरकारला कशाची धास्ती होती ते कळतं. ती गोष्ट खरी होती का, हे कळायला वेगळी तपासणी लागते.

तपासणीकडे येण्याआधी ती प्रसिद्ध क्रेन. तुमच्यापैकी अनेकांनी त्याचा व्हिडिओ पाठवलाय. १९७४ साली पॅट प्राइस नावाच्या एका माजी पोलीस अधिकाऱ्याला एका जागेचे अक्षांश-रेखांश दिले. जागा होती सोव्हिएत हद्दीतलं सेमिपालातिन्स्क, आज ते कझाकस्तानात येतं. प्राइसनं रुळांवरून सरकणाऱ्या भल्या मोठ्या क्रेनचं चित्र काढलं, आणि उपग्रहाच्या फोटोत तशीच क्रेन होती. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की अंगावर काटा येतो. माझ्याही आला होता. पण प्राइसनं क्रेन काढून पेन्सिल खाली ठेवली नव्हती. त्यानं पुष्कळ काही सांगितलं, आणि त्यातलं बरंचसं त्या जागेवर नव्हतंच. सगळं एकत्र तपासणाऱ्या तज्ज्ञाला तो प्रयोग फसलेलाच वाटला. व्हिडिओत क्रेन तेवढी येते.

मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे मला ही खोड लागली आहे. चमत्काराच्या गोष्टीत अंश सगळे सांगतात, छेद कुणी सांगत नाही. किती बरोबर आलं ते कळतं, कितीपैकी ते कळत नाही. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९९५ साली सांगितलेला किस्सा घ्या. आफ्रिकेतल्या झाईरमध्ये कोसळलेलं विमान उपग्रहांना सापडेना, तेव्हा समाधी लागलेल्या एका बाईनं अक्षांश-रेखांश सांगितले आणि विमान तिथेच निघालं! कार्टर खोटं बोलले असं मी म्हणत नाही. पण अशा बायाबापड्यांना एकूण किती वेळा विचारलं, बाकीच्या वेळी काय निघालं, हा हिशेब त्या किश्श्यात नाही. तो नसेल तर आपल्याकडे त्याला बोलाफुलाला गाठ म्हणतात.

"पण प्रयोगशाळेत तर हिशेब ठेवला होता ना?" हो, ठेवला होता. पद्धत वरवर पाहता चोख होती. एक माणूस चिठ्ठी काढून आलेल्या ठिकाणी जायचा, पुलावर, मनोऱ्याखाली, बाजारात. द्रष्टा प्रयोगशाळेत बसून त्याला 'दिसेल' ते सांगायचा. अशी अनेक वर्णनं जमली की ती आणि ठिकाणांची यादी तिसऱ्याच माणसाकडे जायची आणि त्यानं जोड्या लावायच्या. जोड्या भरपूर जुळल्या. मग न्यूझीलंडमधल्या डेव्हिड मार्क्स आणि रिचर्ड कॅमन या मानसशास्त्रज्ञांनी मूळ वर्णनं मिळवून वाचली. त्यात बोलण्याच्या ओघात आलेले उल्लेख तसेच राहिले होते: कुठे तारीख, कुठे आदल्या दिवशीच्या दोन ठिकाणांचं नाव. एवढ्यावरून कुठलं वर्णन कितवं, हे ताडता येत होतं, द्रष्ट्याला काय दिसलं हे न वाचताही! हे उल्लेख गाळल्यावर जोड्या जुळेनाशा झाल्या. १९७८ साली त्यांनी हे 'नेचर'मध्येच छापलं. टार्ग-पुथॉफच्या बाजूनं उत्तर आलं, उल्लेख गाळूनही जुळतं असं त्यांचं म्हणणं, आणि भांडण पुढे वर्षानुवर्षं चाललं.

खरं तर यात लबाडी असायचीही गरज नसते. मी वर्गात एक उद्योग करायचे. जाड पाकिटात फोटो बंद करून टेबलावर ठेवायचा आणि मुलांना म्हणायचं, डोळे मिटा, दिसेल ते काढा. एकदा पाकिटातून गिरणीचं धुराडं निघालं. एका मुलीनं नारळाची झाडं काढली होती. ती टुणकन उठली, "मॅडम, उभंच आहे ना!" एकानं ढग काढले होते, तो म्हणाला, "हा धूर." मांजर काढणारा जरा अडला, पण त्याच्या शेजाऱ्यानं मदत केली: "अरे, शेपूट बघ, वर गेलीय." सगळा वर्ग द्रष्टा झाला. मग त्याच चित्रांशेजारी मी दुसराच फोटो धरायचे, समुद्रकिनाऱ्याचा. तोही जुळायचा. नारळाची झाडं तर आता फारच जुळायची. बादरायण संबंध लावायला आपल्या मेंदूला शिकवावं लागत नाही. कशाला 'बरोबर' म्हणायचं हे पाकीट उघडण्याआधी ठरवलं नसेल, तर चूक होणं जवळपास अशक्यच.

१९९५ साली सीआयएनं अमेरिकन इन्स्टिट्यूट्स फॉर रिसर्च या संस्थेला सगळ्या प्रकरणाचं मूल्यमापन करायला सांगितलं. संख्याशास्त्रज्ञ जेसिका अट्स आणि मानसशास्त्रज्ञ रे हायमन असे दोन परीक्षक नेमले. अट्सबाईंचं मत पडलं की प्रयोगशाळेतले निकाल निव्वळ योगायोगानं येतील असे नाहीत, क्षमता सिद्ध झाली आहे. मत वेगळं पडलं म्हणून त्यांना झटकून टाकू नका, आकडेमोड त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगली येते. हायमन म्हणाले, आकडे योगायोगापलीकडचे असतील, पण म्हणून ते दिव्यदृष्टीमुळेच आले हे कशावरून? प्रयोगात कुठे फट राहिली असेल तरी असेच आकडे येतील. मला हायमन पटतात. एक कारण सांगते: शेवटच्या टप्प्यातल्या त्या प्रयोगांत चित्र आणि वर्णन किती जुळतं हे ठरवणारा माणूस प्रकल्पाचा प्रमुखच होता. बोर्डाच्या परीक्षेत पेपर तपासणारा मुलाचा बाप असला तर आपण चालवून घेऊ का?

प्रत्यक्ष उपयोगाबद्दल मात्र अहवालात शंकेला जागा नव्हती. द्रष्ट्यांनी दिलेल्या माहितीवरून एकदाही कुठलीही कारवाई आखली गेली नव्हती. माहिती मोघम असायची, आणि काही वेळा प्रकल्पातल्याच लोकांनी आधी ठाऊक असलेल्या गोष्टींशी जुळेल अशी ती दुरुस्त केल्याचा संशय होता. एवढी वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण कुणी ताकास तूर लागू देत नव्हतं. गुप्त कामाची बाहेरून तपासणी होत नाही, म्हणून ते टिकतं.

हे फक्त अमेरिकेतच चालतं असंही समजू नका. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात, दौंडिया खेडा गावी, आपल्या पुरातत्त्व खात्यानं एका जुन्या किल्ल्यात खणायला घेतलं. शोभन सरकार नावाच्या साधूला १८५७ च्या उठावातले तिथले राजा राव रामबक्ष सिंह यांनी स्वप्नात येऊन सांगितलं होतं, की इथे १,००० टन सोनं पुरलंय. तेव्हा रिझर्व्ह बँकेकडे सगळं मिळून ५५८ टनांच्या आसपास सोनं होतं! खातं म्हणालं, आम्ही स्वप्नावर नाही, भूगर्भ सर्वेक्षणाच्या अहवालावर खणतोय. पण ते सर्वेक्षण स्वप्नानंतरच झालं होतं. निघाल्या जुन्या भिंती, खापरं, चुली. गुप्तधनासाठी पायाळू माणूस शोधत हिंडणारे आपल्याकडेही कमी नव्हते, फक्त त्यांच्याकडे सरकारी फावडी नव्हती.

आता हा प्रश्न हल्ली एवढा का येतो, तेही सांगते. 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'च्या क्लासवाले डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या मुलांकडून पुस्तक वाचून घेतात आणि पालकांना वर ऐकवतात, की सीआयएसुद्धा हेच करायची. फी भरायच्या आधी एक करा. पट्टी त्यांचीच राहू द्या, पण पुस्तक मुलाच्या छातीपाशी न धरता कपाळाच्या वर धरा. नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टीखाली जी फट राहते, तिच्यातून खालचं दिसतं, वरचं दिसत नाही. क्लासवाले नाही म्हणाले तर कारण विचारा. आणि मुलाला रागावू नका, त्याला ते तसंच करायला शिकवलेलं असतं.