तिथी पाहून काढलेली तिकिटे

२००८ च्या जानेवारीत आम्ही पहिल्यांदा अंदमानला गेलो, तेव्हा सहलीच्या कागदावर नील बेटाच्या वाट्याला अवघे तीन तास आले होते. बहुतेक मराठी कुटुंबांप्रमाणे आम्हीही सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी पाहण्याच्या ओढीने निघालो होतो आणि उरलेल्या दिवसांत काय पाहायचे हे सहल आखणाऱ्यांवर सोपवले होते. त्यांनी आम्हाला लक्ष्मणपूरचा नैसर्गिक दगडी पूल दाखवायला नेले, तेही ऐन भरतीच्या वेळी. पुलाकडे जाणारी खडकांची वाट पूर्ण पाण्याखाली होती आणि समोर नुसता समुद्र दिसत होता. मला फार वाईट वाटले. गाडीवाला शांतपणे म्हणाला, "पानी उतरेगा तब आना." बोटीची वेळ झाली होती, म्हणून आम्ही परतलो. त्यानंतर आजवर मी आणखी सहा वेळा नीलला गेले आहे आणि दर वेळी पाणी उतरण्याची वेळ धरून गेले आहे.

पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे २०२४ पासूनच्या श्रीविजयपुरमपासून, नील सुमारे ३७ किलोमीटरवर आहे. डिसेंबर २०१८ मध्ये त्याचे नाव शहीद द्वीप झाले आणि हॅवलॉकचे स्वराज द्वीप झाले, पण बाजारात अजून नील हेच नाव तोंडात आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून उखडले गेलेले लोक इथे येऊन वसले. त्यांच्या गावांची नावे सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर अशी आहेत आणि दगडी पुलाला ते प्रेमाने हावडा ब्रिज म्हणतात. किनारे सोडून आत वळले की भातखाचरे, केळी, सुपारी आणि भाजीचे मळे लागतात. इथली भाजी बोटीने पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जाते. मला या बेटावर जी शांतता लाभते, ती बरीचशी या शेतांमुळे आहे असे मला वाटते. इथली माणसे पाहुण्यांवर डोळे लावून बसलेली नसतात, त्यांना त्यांची कामे असतात.

मुंबईहून गेलेल्या माणसाला पहिला दिवस थोडा गोंधळाचा जातो. घड्याळ तेच असते, पण अंदमान मुंबईच्या जवळजवळ वीस रेखांश पूर्वेला असल्यामुळे सूर्य सव्वा तासाहूनही आधी येतो. डिसेंबरात आपल्याकडे सात वाजून गेल्यावर उजाडते, तर सीतापूरच्या किनाऱ्यावर साडेपाचच्या सुमारास सूर्य वर आलेला असतो. आणि संध्याकाळी पाच वाजता, जेव्हा दादर स्टेशनवर गर्दी जेमतेम जमू लागते, तेव्हा लक्ष्मणपूरला तो मावळतो. एकदा ही लय अंगवळणी पडली की रात्री आठला झोप येते आणि पहाटे आपसूक जाग येते.

भरती-ओहोटीचा हिशेब मला आजोबांनी शिकवला होता. ते हर्णैचे. तिथीचा आकडा तीनाने गुणायचा आणि चाराने भागायचा, की भरती पूर्ण होण्याची वेळ कळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आपल्या कोकण किनाऱ्यावर हे गणित ढोबळमानाने बरोबर येते. नीलला ते जसेच्या तसे लागू पडत नाही, कारण तिथली भरती वेगळ्या वेळी येते, पण रोज पाऊण तासाने पुढे सरकण्याची तिची चाल तीच असते. पौर्णिमा-अमावास्येला तिथे दुपार कलल्यावर पाणी खूप दूर जाते, हे मी दोन फेऱ्यांत टिपून ठेवले. आता तिकिटे काढण्यापूर्वी मी कालनिर्णय उघडते. आजोबांचा हिशेब त्यांनी कधी न पाहिलेल्या समुद्रावर उपयोगी पडतो, याचे मला दर वेळी नव्याने अप्रूप वाटते.

२०११ साली मी पहिल्यांदा पूर्ण ओहोटीला त्या पुलाखाली उभी राहिले. पूल सुंदर आहे, पण मी थबकले ती त्याच्या अलीकडच्या डबक्यांपाशी. गुडघाभरही पाणी नव्हते. तळाशी काळ्या समुद्रकाकड्या, म्हणजे काकडीच्या आकाराचे मऊ प्राणी, निवांत पडलेल्या होत्या, फटींतून ब्रिटल स्टारचे, म्हणजे तारामाशाच्या एका भाऊबंदाचे, केसाळ हात हलत होते आणि एका प्रवाळाच्या खडकात रुतून बसलेला जायंट क्लॅम, म्हणजे मोठा शिंपला, उघडा होता. त्याच्या दोन नागमोडी कडांमधून मखमलीसारखे निळे मांस बाहेर आले होते आणि त्यावर हिरवे ठिपके होते. मी वाकले, माझी सावली त्याच्यावर पडली आणि तो झटकन मिटला. सोबतचा वाटाड्या म्हणाला, "दीदी, पाँव देखके. यह पत्थर नहीं, जिंदा है." मी बाजूला सरकून बसले. बऱ्याच वेळाने फट रुंदावली आणि निळी कड पुन्हा बाहेर आली.

त्याच फेरीत भरतपूरला काचतळाच्या बोटीतून खाली पाहिले, तेव्हा पोटात कालवले. २०१० च्या उन्हाळ्यात समुद्राचे पाणी तापून अंदमानातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. उष्णतेने प्रवाळ आपल्या अंगातले सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतात. रंग आणि बरेचसे अन्न त्याच शैवालाकडून येत असल्यामुळे ते फिके होतात आणि उष्णता टिकली तर मरतात. २००८ मध्ये जिथे मी प्रवाळांची जांभळी शिंगे पाहिली होती, तिथे आता शेवाळाने माखलेले तुकडे पडले होते. एकदाच गेले असते, तर भरतपूर असेच असते असे समजून परतले असते. पुढच्या फेऱ्यांत काही ठिकाणी नवे, तळहाताएवढे प्रवाळ दिसले. त्यांच्यावर उभे राहून छायाचित्रे काढणारी माणसेही दिसली. मी त्यांना खाली उतरायला सांगते. काही जण रागावतात, पण मी सांगायचे थांबत नाही. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा उचलून आणणे कायद्याने गुन्हा आहे, हेही सांगते.

ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात की बाली राहिले, मालदीव राहिले, मग पुन्हा नीलच का. मी त्यांना त्या शिंपल्याची गोष्ट सांगते. तो एकदा खडकात बसला की जागा सोडत नाही, त्यामुळे त्याला भेटायला जाता येते. पुलाकडून परतताना डावीकडे तिसरे डबके, वर करवतीसारखा खडक, ही खूण मी वहीत लिहून ठेवली आहे.

गेल्या माघी पौर्णिमेला आईला घेऊन गेले. तिचे गुडघे दुखतात, म्हणून वाटाड्याने एक हात धरला आणि मी दुसरा, आणि आम्ही अर्ध्या तासात जेमतेम शंभर पावले चाललो. डबक्यापाशी पोहोचल्यावर आईला एका सपाट दगडावर बसवले आणि सावली पाण्यावर पडणार नाही अशा बाजूने वाकायला सांगितले. निळी कड बाहेर होती. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग तिने विचारले, "भरती किती वाजता लागेल?" मी तिथी सांगितली. तिने बोटांवर आकडा मोजला, आजोबा मोजायचे तसाच, आणि म्हणाली, "मग अजून बसू या."